सिलिंडरवरील काटा काय सांगतो?
वायूचा दाब, त्याचे आकारमान आणि रेणूंची अखंड धावपळ

वार्षिक अहवालाच्या पानांत जमाखर्चाचे तक्ते, रुग्णसेवेचा आढावा व देणगीदारांची नामावली असते. त्यांच्या जोडीने रुग्णालयाच्या नित्याच्या कामकाजातील एखादा विषय आमच्या हितचिंतकांसमोर उलगडून ठेवावा, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. विषय आहे प्राणवायूचा सिलिंडर आणि त्याच्या तोंडाशी बसविलेल्या दाबमापकाचा काटा.

रुग्णालयास भेट देणारी मंडळी प्राणवायूच्या खोलीपाशी आली की काही प्रश्न हमखास विचारतात. माणसाच्या उंचीहून लहान अशा या नळकांड्यात सात हजार लिटर वायू मावतो कसा? काटा शून्यावर येण्याआधीच सिलिंडर बदलतात, तर उरलेल्या वायूचे पैसे वाया जात नाहीत काय? आणि एकच सिलिंडर एका रुग्णास जवळजवळ दिवसभर पुरतो, तर दुसऱ्यास दोन तासही पुरत नाही, हे कसे? प्रश्न साधे आहेत व त्यांची उत्तरेही एकाच साध्या नियमातून मिळतात. रुग्णालयाच्या प्रशासनात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांचे शिक्षण वाणिज्य शाखेत झालेले असते, प्रयोगशाळेशी आमचा संबंध शाळेपुरताच आलेला असतो. तरीही हा नियम आम्हांस रोज वापरावा लागतो, कारण प्राणवायूची शिल्लक मोजण्याचे ते एकमेव साधन आहे.

बॉईल यांची वाकडी नळी

हा नियम साडेतीनशे वर्षांहून अधिक जुना आहे. रॉबर्ट बॉईल या आयरिश वंशाच्या शास्त्रज्ञाने १६६२ साली तो प्रसिद्ध केला. त्यांचे साधन अगदी साधे होते. इंग्रजी ‘जे’ या अक्षराच्या आकाराची एक काचेची नळी घेतली. तिची आखूड बाजू वरून बंद होती, लांब बाजू उघडी होती. उघड्या बाजूने पारा ओतला की आखूड बाजूतील हवा कोंडली जाई. आणखी पारा ओतला की त्याच्या भाराने ती कोंडलेली हवा आक्रसत जाई. बॉईल यांनी पाऱ्याची उंची व हवेने व्यापलेली जागा यांची मापे काळजीपूर्वक नोंदविली. वातावरणाच्या दाबाइतकाच आणखी दाब पाऱ्याने दिला, म्हणजे एकूण दाब दुप्पट झाला, की हवेची जागा निम्मी होते, असे त्यांना आढळले. दाब चौपट केला की जागा एक चतुर्थांश होते.

तापमान कायम असेल व वायू कमीजास्त झाला नसेल, तर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. शाळेच्या पुस्तकात ‘बॉईलचा नियम’ या नावाने आपण सर्वांनी तो पाठ केलेला असतो. हिशेबनिसाच्या भाषेत सांगावयाचे तर ही दोन रकान्यांची खतावणी आहे. एका रकान्यात जेवढ्या पटीने वाढ होईल, तेवढ्याच पटीने दुसऱ्यात घट झाली पाहिजे, तरच गुणाकाराचा मेळ बसतो.

पण असे का व्हावे? बॉईल यांनी हवेची तुलना लोकरीच्या पुंजक्याशी केली होती. लोकर दाबली की दबते, सोडली की पुन्हा फुगते. हवेचे सूक्ष्म कणही स्प्रिंगांप्रमाणे एकमेकांस रेटून उभे असावेत, अशी ती कल्पना होती. नियम अचूक होता, मात्र त्यामागचे खरे कारण पुढे निराळेच निघाले.

दाब म्हणजे रेणूंचा मारा

वायूचे रेणू एकमेकांना टेकून उभे नसतात. ते मोकळे असतात आणि अखंड धावत असतात. साधारण २७ अंश सेल्सिअस तापमानात प्राणवायूचा एक रेणू सरासरीने सेकंदाला सुमारे ४४५ मीटर, म्हणजे ताशी सोळाशे किलोमीटर वेगाने पळत असतो. तथापि तो फार दूर जाऊ शकत नाही. आपल्या भोवतीच्या हवेत तो दर सेकंदास काही अब्ज वेळा इतर रेणूंवर आदळतो व दिशा बदलतो. सामान्य हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये रेणूंची संख्या सुमारे अडीच लाख कोटी कोटी भरते. अंगठ्याच्या पेरावर मावेल एवढ्या जागेत ही गर्दी आहे.

हे रेणू भांड्याच्या भिंतीवर येऊन आदळतात व परत फिरतात. प्रत्येक रेणूचा धक्का अत्यल्प असतो, परंतु धक्क्यांची संख्या अफाट असते. वळिवाच्या पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर पडतात तेव्हा प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो. सर जोराची आली की थेंब मोजता येत नाहीत, एकच सलग गर्जना ऐकू येते. वायूचा दाब ही अशीच सलग गर्जना आहे. भिंतीस वाटणारा सततचा रेटा हा असंख्य स्वतंत्र धक्क्यांचा एकत्रित परिणाम असतो.

आता जागा निम्मी केली तर काय होईल? रेणू तेवढेच राहिले, त्यांचा वेगही तेवढाच राहिला, परंतु गर्दी दुप्पट झाली. भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदास पूर्वीच्या दुप्पट रेणू आदळू लागतात. मुलांनी दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये चेंडू आपटत ठेवला आणि भिंतींतील अंतर निम्मे केले, तर त्याच वेगाचा चेंडू दुप्पट वेळा भिंतीस लागेल, तसाच हा प्रकार होय. प्रत्येक धक्क्याचा जोर वाढलेला नाही, धक्क्यांची संख्या मात्र दुप्पट झाली आहे, म्हणून दाब दुप्पट झाला. बॉईल यांच्या नळीत पारा ओतताना हेच घडत होते.

तापमान वाढविले तर गोष्ट थोडी बदलते. उष्णता म्हणजे रेणूंच्या गतीची ऊर्जा. वायू तापला की रेणू अधिक वेगाने धावतात. ते भिंतीवर अधिक वेळा आदळतात आणि प्रत्येक धक्काही अधिक जोराचा असतो. त्यामुळे वायूमध्ये एका रेणूचीही भर न पडता दाब वाढतो. ही बाब पुढे काट्याच्या हिशेबात फार महत्त्वाची ठरते.

मुंबईत लिहिला गेलेला एक उपेक्षित निबंध

भिंतीवर आदळणाऱ्या कणांची ही कल्पना प्रथम स्विस गणिती डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली ‘हायड्रोडायनॅमिका’ या ग्रंथात मांडली आणि तीवरून बॉईल यांचा नियम सिद्ध करून दाखविला. तिच्याकडे पुढील शंभर वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. या कथेतील पुढचा एक अध्याय आपल्या मुंबईत घडला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

जॉन जेम्स वॉटरस्टन हे एडिंबरोचे अभियंते १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील शिकाऊ उमेदवारांचे शिक्षक म्हणून मुंबईस आले. अध्यापनातून उरलेल्या वेळात ते वाचन व संशोधन करीत. त्यासाठी ग्रँट महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा त्यांना उपयोग झाला. वायूचे तापमान त्याच्या रेणूंच्या वेगाच्या वर्गाशी निगडित असते, हा विचार त्यांनी सविस्तर गणितासह मांडला व १८४५ मध्ये तो निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला. परीक्षकांनी तो निरर्थक ठरविला. सोसायटीच्या प्रथेनुसार निबंध लेखकास परत मिळाला नाही आणि वॉटरस्टन यांच्यापाशी त्याची प्रत नव्हती. पुढे जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस यांनी १८५७ मध्ये व ब्रिटनमध्ये मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये हाच विचार स्वतंत्रपणे विकसित केला आणि त्यांची कीर्ती झाली. वॉटरस्टन यांचा मृत्यू १८८३ मध्ये झाला. त्यांचा निबंध सोसायटीच्या दप्तरात लॉर्ड रॅले यांना सापडला व १८९२ मध्ये, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला. पंखाखाली व दिव्याखाली बसून आज आपण जे सहज वाचतो, ते मुंबईच्या उकाड्यात एका शिक्षकाने एकट्याने सिद्ध केले होते, याची नोंद येथे करणे आम्हांस उचित वाटते.

सात हजार लिटर कोठून आले?

आता आपल्या सिलिंडरकडे वळू. वॉर्डात व प्राणवायूच्या खोलीत जो मोठा सिलिंडर दिसतो त्यास आपल्याकडे ‘जंबो’ किंवा ‘डी टाइप’ म्हणतात. तो पाण्याने भरल्यास त्यात ४६.७ लिटर पाणी मावते. प्राणवायू मात्र त्यात चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो एवढ्या दाबाने भरलेला असतो. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब साधारणतः चौरस सेंटिमीटरला एक किलो असतो. म्हणजे आतील वायू मोकळ्या हवेच्या दीडशे पट दाबला गेला आहे. हाच वायू बाहेर येऊन साध्या दाबाचा झाला की दीडशे पट जागा व्यापणार. ४६.७ गुणिले १५० म्हणजे ७,००५. सात हजार लिटर, अर्थात सात घनमीटर, हा आकडा असा येतो. एवढ्या दाबाखाली बॉईल यांच्या नियमात काही टक्क्यांचा फरक पडतो, परंतु वॉर्डातील हिशेबास त्याने बाध येत नाही.

रुग्णवाहिकेत व ट्रॉलीवर जो लहान ‘बी टाइप’ सिलिंडर असतो त्याची धारणक्षमता १० लिटर पाण्याची असते. तोही १५० किलो दाबाने भरलेला असल्यास त्यात १,५०० लिटर प्राणवायू असतो.

या दाबाची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो, की सिलिंडरच्या आतील बाजूस नखाएवढ्या प्रत्येक जागेवर पन्नास किलोच्या तीन पोत्यांचा भार सतत पडत असतो. सात हजार लिटर प्राणवायूचे स्वतःचे वजन जेमतेम नऊ-साडेनऊ किलो असते, परंतु तो कोंडून ठेवण्यासाठी पन्नास किलोहून अधिक वजनाचे, सांधा नसलेले पोलादी भांडे लागते. दर पाच वर्षांनी त्याची पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्यावी लागते, ती याच कारणास्तव. झडप सावकाश उघडावी हा दंडकही येथूनच येतो. झडप झटक्यात उघडली तर जोरदार दाबाचा वायू दाबनियंत्रकातील थोड्या जागेत एकदम कोंबला जातो व क्षणात अतिशय तापतो. तेथे तेलाचा वा ग्रीसचा अंश असल्यास भडका उडू शकतो. म्हणून प्राणवायूच्या झडपेस तेलकट हात लावू नये, असे आम्ही प्रत्येक नव्या कर्मचाऱ्यास पहिल्याच दिवशी सांगतो.

काट्यावरून वेळेचा हिशेब

दाबमापकाच्या आत एक वाकविलेली, चपटी धातूची नळी असते. फ्रान्सच्या यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये या रचनेचे एकस्व घेतले. नळीत वायूचा दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तिला जोडलेला काटा पुढे सरकतो. अर्थात काटा मोजतो तो रेणूंचा मारा. सिलिंडरची जागा ठरलेली आहे व तापमान फारसे बदलत नाही, तेव्हा मारा निम्मा झाला याचा अर्थ रेणू निम्मे उरले, असाच होतो. म्हणून प्राणवायूच्या बाबतीत काटा हेच शिल्लक दाखविणारे पासबुक ठरते.

हिशेब दोन पायऱ्यांचा आहे. सिलिंडरची पाण्याची धारणक्षमता गुणिले काट्यावरील आकडा, म्हणजे शिल्लक लिटर. त्यास रुग्णास दर मिनिटास लागणाऱ्या लिटरने भागले, की शिल्लक मिनिटे. पूर्ण भरलेल्या जंबो सिलिंडरची काही उदाहरणे पुढे देत आहोत.

दर मिनिटास ५ लिटर : सुमारे २३ तास २० मिनिटे
दर मिनिटास १० लिटर : सुमारे ११ तास ४० मिनिटे
दर मिनिटास ६० लिटर : २ तासांहून थोडे कमी

साध्या नळीने थोडा प्राणवायू घेणारा रुग्ण आणि उच्च प्रवाहाच्या उपकरणावर शुद्ध प्राणवायू घेणारा रुग्ण यांच्या गरजेत एवढा फरक असतो. अतिदक्षता विभागातील एका रुग्णासाठी अहोरात्रात डझनभर जंबो सिलिंडर लागू शकतात, हे ऐकून हितचिंतकांस आश्चर्य वाटते. वरील भागाकार केला की ते आश्चर्य उरत नाही.

याच हिशेबाचा सर्वांत कसोटीचा प्रसंग म्हणजे रुग्णास दुसऱ्या गावी हलविणे. समजा, प्रवास दीड तासाचा आहे, रुग्णास दर मिनिटास ८ लिटर प्राणवायू लागतो आणि रुग्णवाहिकेतील लहान सिलिंडरचा काटा १०० वर आहे. शिल्लक १,००० लिटर. लागणार ९० गुणिले ८, म्हणजे ७२० लिटर. कागदावर पुरेसे वाटते. परंतु घाटात वाहतूक खोळंबली, वाटेत रुग्णाची गरज वाढली, पोहोचल्यावर खाटेसाठी थांबावे लागले, तर? म्हणून लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट साठा सोबत असावा, असा संकेत पाळणे इष्ट. येथे १,४४० लिटर हवेत, म्हणजे पूर्ण भरलेला सिलिंडर आणि जोडीस दुसरा. ‘अर्ध्याहून जास्त भरलेला आहे’ या समाधानावर रुग्णवाहिका निघता कामा नये. काट्यावरील आकड्याचे मिनिटांत रूपांतर केल्यावाचून त्या आकड्यास अर्थ नाही, हे आम्ही परिचारिका व वाहनचालक या दोघांच्याही मनावर बिंबवितो.

आता उरलेल्या वायूविषयी. काटा शून्यावर आला तरी सिलिंडर रिकामा नसतो. आत साध्या दाबाचा ४६.७ लिटर प्राणवायू असतोच. दाबमापक बाहेरच्या हवेहून जास्तीचा दाब तेवढा दाखवितो. आतील रेणू जेवढ्या जोराने बाहेर येऊ पाहतात तेवढ्याच जोराने बाहेरचे रेणू आत शिरू पाहतात, म्हणून तो वायू आपणहून बाहेर येत नाही. झडप उघडी राहिली तर उलट बाहेरची दमट हवा आत जाते व पोलाद आतून गंजू लागते. यास्तव थोडा दाब शिल्लक असतानाच सिलिंडर बदलून झडप बंद करतात व तो पुनर्भरणास पाठवितात. शिवाय काटा खाली येत असताना रुग्णाचा पुरवठा क्षणभरही खंडित होऊ नये, हा त्यातील मुख्य हेतू आहे. जाणारा वायू थोड्या लिटरांचा असतो. खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते, तशीच ही रक्कम समजावी.

काटा केव्हा फसवितो?

काट्यावर विश्वास ठेवण्यास दोन अपवाद आहेत आणि ते दोन्ही रेणूंच्या गतीवरूनच समजतात.

पहिला अपवाद उन्हाचा. १५ अंश तापमानात १५० दाखविणारा सिलिंडर वैशाखाच्या उन्हात ४५ अंशांपर्यंत तापला, तर काटा सुमारे १६५ दाखवील. प्राणवायू मात्र एका लिटरनेही वाढलेला नसतो. रेणू तेवढेच असतात, त्यांची धाव वाढलेली असते. याच कारणाने घाईने भरलेला, अद्याप गरम असलेला सिलिंडर निवल्यावर कमी दाब दाखवितो. त्यात पुरवठादाराची लबाडी असतेच असे नाही. सिलिंडर सावलीत ठेवावेत व भरून आलेला सिलिंडर निवल्यानंतरच त्याची नोंद करावी, यामागील कारण हे आहे.

दुसरा अपवाद अधिक महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियागृहात भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड सिलिंडरात मुख्यतः द्रवरूपात असतो. २० अंश तापमानात त्याचा काटा ५० च्या आसपास राहतो. भूलतज्ज्ञ वायू वापरू लागले की वरच्या जागेतील रेणू कमी होतात, तोच खालच्या द्रवातून नवे रेणू उडून त्यांची जागा भरतात. मारा जवळजवळ तेवढाच राहतो, काटा जागचा फारसा हलत नाही, आणि द्रव संपल्यावर मात्र झपाट्याने कोसळतो. म्हणजे काटा ५० वर असताना सिलिंडर भरलेला असेल अथवा संपत आलेला असेल, सांगता येत नाही. त्याचे वजनच करावे लागते. घरच्या स्वयंपाकाच्या गॅसचेही असेच असते. त्या सिलिंडरावर १४.२ किलो असे वजन लिहिलेले असते व तो घेताना आपण काटा न पाहता वजन पाहतो, ते याचमुळे. प्राणवायूचा काटा पाहण्याची सवय नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरास लावता येत नाही, हे शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकास ठाऊक असावे लागते.

दाब घसरतो तेव्हा

मोठ्या रुग्णालयांत प्राणवायू द्रवरूपात साठवितात. उणे १८३ अंशांस प्राणवायूचा द्रव होतो. त्या स्थितीत रेणू एकमेकांच्या अगदी निकट येतात. एक लिटर द्रवापासून सुमारे ८५० लिटर वायू मिळतो, सिलिंडरातील एका लिटर जागेपासून मात्र दीडशेच. एक हजार लिटर द्रवाची टाकी म्हणजे सुमारे एकशे वीस जंबो सिलिंडर होत. टाकीतील द्रव पंखदार नळ्यांतून फिरताना बाहेरच्या हवेची उष्णता घेऊन वायू बनतो. त्या नळ्यांवर भर उन्हाळ्यातही हिम साचलेले दिसते.

साठा कोणताही असो, रुग्णाच्या खाटेपाशी प्राणवायू पोहोचतो तो नळवाहिनीतील दाबामुळे. हा दाब साधारणतः चौरस सेंटिमीटरला चार किलोच्या जवळपास राखतात. रेणू गर्दीच्या जागेकडून विरळ जागेकडे जातात. गर्दीतील फरक संपला की प्रवाह थांबतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथे कोरोनाच्या साथीत एका रुग्णालयाच्या द्रव प्राणवायूच्या टाकीस गळती लागली, नळवाहिनीतील दाब घसरला आणि किमान २२ रुग्णांना प्राणास मुकावे लागले. ‘दाब कमी झाला’ या तीन शब्दांचा अर्थ महाराष्ट्रास त्या दिवशी फार कठोरपणे कळला.

म्हणून नळवाहिनीस सिलिंडरांचे दोन संच जोडतात. एक चालू, दुसरा राखीव. चालू संचाचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की पुरवठा राखीव संचाकडे वळतो व धोक्याची घंटा वाजते. टाकी अथवा हवेतून प्राणवायू वेगळा करणारे संयंत्र असले तरी हा राखीव संच काढून टाकता येत नाही. वीज गेली, टँकर अडकला, सांधा सुटला, तरी त्या खोलीतील पोलादी भांड्यांत कोंडलेला दाब कोणाचीही वाट न पाहता काम करतो.

हाच नियम आपल्या छातीतही चालू असतो, हेही येथे सांगावेसे वाटते. श्वास ‘ओढला’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात छातीचा पडदा खाली सरकतो, फुफ्फुसांची जागा वाढते, आतील दाब हजारात एक-दोन भागांनी उतरतो आणि बाहेरची हवा आत येते. निरोगी माणूस हे काम नकळत करतो व प्रत्येक साध्या श्वासात अर्धा लिटर हवा घेतो. त्या हवेतील दर शंभर रेणूंपैकी प्राणवायूचे २१ असतात. आजारी फुफ्फुसास तेवढे पुरत नाहीत, म्हणून शंभरातील प्राणवायूचे रेणू वाढवून द्यावे लागतात. सिलिंडराचे सारे काम एवढ्यासाठीच आहे.

हितचिंतकांस निवेदन

धर्मादाय रुग्णालयास देणगी देताना दात्याच्या मनात दृश्य वस्तू असते, आणि ते स्वाभाविक आहे. यंत्रावर, खाटेवर वा खोलीच्या दारावर दिवंगत आप्तांचे नाव कोरता येते. दाबमापकाची वेळोवेळी तपासणी, सिलिंडरांची पाच वर्षांची चाचणी, धोक्याच्या घंटेची देखभाल, राखीव संचाचे पुनर्भरण व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या बाबींवर नामफलक लावता येत नाही. राखीव संच तर बहुतेक दिवस वापरलाच जात नाही. जमाखर्चात तो अडकून पडलेला पैसा दिसतो, आणि वाणिज्य शाखेत आम्ही शिकलो ते हेच, की पैसा अडकवून ठेवू नये. परंतु त्या खोलीत अडकलेला असतो तो वेळ. दर मिनिटास दहा लिटर घेणाऱ्या एका रुग्णासाठी प्रत्येक भरलेला जंबो सिलिंडर म्हणजे अकरा तास चाळीस मिनिटे.

म्हणून जे दाते सर्वसाधारण निधीस देणगी देतात व तिचा विनियोग विश्वस्तांवर सोपवितात, त्यांचे आम्ही विशेष ऋणी आहोत. रुग्णालयास भेट देण्याचा योग आल्यास प्राणवायूच्या खोलीपाशीही अवश्य यावे. तेथील नोंदवहीत प्रत्येक पाळीस काट्यावरील आकडा, त्याशेजारी शिल्लक लिटर आणि त्याशेजारी शिल्लक तास लिहिले आहेत काय, हे आपण स्वतः पाहावे व एखाद्या रकान्याचा गुणाकार करूनही पाहावा. आपली ती तपासणी आम्हांस स्वागतार्हच वाटेल.